शेणाच्या घरात सोनं नाही

चिमणी-कावळ्याची गोष्ट मराठी घरात वाढलेल्या कुणालाही सांगावी लागत नाही. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं आणि तो चिमणीच्या दारात जाऊन उभा राहतो. चिमणी आतून त्याला थांब म्हणते. तिचं बाळाचं काहीतरी चाललेलं असतं, आधी अंघोळ, मग काजळ, मग आणखी काहीतरी, आणि कावळा बाहेर भिजत राहतो. लहान मुलांना घास भरवताना सांगायची गोष्ट आहे ही. मला मात्र ती ऐकली की अजूनही राग येतो. हा राग मी सोडणार नाही, कारण त्याच रागातून मी अख्खी कादंबरी लिहिली आहे.

आमची वाडी धसईच्या पुढे. गाव भातशेतीवाल्यांचं आणि वाडी आमची, गावाच्या कडेला, जिथे कुणाची जमीन संपते आणि कुणाचीच सुरू होत नाही अशा तुकड्यावर. घरं कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या रोवायच्या, आडव्या बांधायच्या आणि वरून माती-शेणाचं लिंपण. दाराच्या जागी ताटी, म्हणजे काठ्यांचीच विणलेली एक झडप. ती बाजूला सारली की घर उघडं. कडी-कोयंडा असला काही प्रकार नाही, त्यामुळे दार वाजवणं ही गोष्टसुद्धा मला शाळेतच कळली. दिवाळी झाली की वाडीतली बरीच घरं भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची. काही वर्षी आम्हीही जायचो. दुसऱ्यांच्या घरांच्या विटा पाडायच्या आणि पाऊस तोंडावर आला की परत आपल्या कुडात यायचं. यात काही विचित्र आहे असं तेव्हा वाडीत कुणालाच वाटत नसे.

मी दुसरीत असताना गुरुजींनी ही गोष्ट वर्गात सांगितली. छान सांगितली, कावळ्याचा आवाज वगैरे काढून. मग त्यांनी विचारलं की कोणाचं घर मोडलं. सगळ्या वर्गानं एका सुरात कावळ्याचं म्हटलं आणि मी एकटीनं चिमणीचं म्हटलं.

मी काही खोडी काढत नव्हते. माझा बाप मध काढायचा. पोळं पिळून झालं की उरलेल्या मेणाचे गोळे आई वळायची आणि ते धसईच्या बाजारात जायचे. उन्हाळ्यात ते गोळे पाण्याच्या मडक्याला टेकवून ठेवावे लागत, नाहीतर दुपारपर्यंत त्यांची खीर व्हायची. आमच्या भिंती मात्र उन्हात नुसत्या वाळायच्या. आता पावसाच्या आधी उन्हाळा येतो हे तर सगळ्यांनाच माहीत होतं. मग चिमणीचं घर पावसापर्यंत टिकलंच कसं, हे मला खरंच कळत नव्हतं. गुरुजींनी पुन्हा विचारलं तेव्हा मी उभी राहून म्हटलं, "गुरुजी, मेण उन्हात इरघळतं."

वर्ग हसला. गुरुजीही हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. अगं, ते गोष्टीतलं मेण आहे, असं म्हणून त्यांनी मला खाली बसवलं. मग त्यांनी गोष्टीचं तात्पर्य सांगितलं की कावळा आळशी होता, म्हणून त्यानं शेणाचं घर बांधलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ही पण शेणाच्याच घरात ऱ्हाते. त्या दिवसापासून ती शाळा सोडेपर्यंत माझं नाव कावळी.

कावळी म्हटल्याचं मला तितकं लागलं नाही. कावळा हुशार पक्षी आहे आणि मी काळी आहे, त्यात खोटं काय. माझ्या डोक्यात जाऊन बसला तो 'आळशी' हा शब्द. कारण मी घरी रोज बघत होते. शेणाचं घर बांधून कुणालाच स्वस्थ बसता येत नाही. जमीन दर आठवड्याला सारवावी लागते. पाऊस सरला की भिंतींचे पोपडे काढून पुन्हा लिंपावं लागतं, ऊन वाढलं की तडे बुजवावे लागतात, आणि भट्टीवरून परत आलं की अख्खं घरच नव्यानं उभं केल्यासारखं हाताखालून काढावं लागतं. आई घमेलं घेऊन बसली की तिचा उजवा हात अर्धगोल फिरायचा, एकाला लागून एक, आणि भिंतभर तिच्या हाताच्या कमानी उमटायच्या. एकदा बांधून आत झोपी जायचं घर मेणाचं असेल तर असेल. शेणाचं नसतं.

आणि आई फक्त आमचंच घर लिंपत नव्हती. गावात कुणाचं लग्न निघालं, कुणाचं खळं तयार करायचं असलं की तिला बोलावणं यायचं. ती अंगणं सारवायची, पडव्या लिंपायची, आणि मी शेणाची टोपली घेऊन तिच्याबरोबर असायचे. काम करता करता तिला तहान लागायची. मग ती पायरीपाशी जाऊन पाणी मागायची आणि आतून आवाज यायचा, थांब जरा. आतल्या बाईचं काहीतरी चाललेलं असायचं. कधी दूध उतू जात असेल, कधी पाहुणे असतील. त्या बायकांना मी दुष्ट म्हणत नाही, त्या चक्क विसरून जायच्या. पण आई सारवलेल्या अंगणाच्या कडेला, आपणच केलेल्या ओल्यावर पाय पडू नये म्हणून अंग चोरून, हात पुढे धरून उभी असायची. गोष्ट ऐकली तेव्हा त्यातलं 'थांब' मी आधीच ऐकलेलं होतं.

पुढे मी शिकले. आश्रमशाळेत राहून, मग मुरबाडला कॉलेज करून, आणि आता शहापूरला मुलींच्या वसतिगृहात नोकरीला आहे. सापगावच्या बाजूला एक खोली घेऊन राहते. कामाचं म्हणाल तर किराणा संपला ते बघण्यापासून कुणाला ताप आला तर दवाखान्यात नेण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. पुस्तकांचं कपाटही माझ्याकडेच, कारण ते कुणालाच नको होतं.

त्या कपाटात एकदा मुंबईच्या कुणीतरी दिलेलं खोकं आलं. जाड जाड इंग्रजी पुस्तकं, चकचकीत कव्हरं, वर उठावाची अक्षरं. प्रत्येक कव्हरावर एक मुलगी, तिच्या अंगावर झगा, हातात तलवार नाहीतर मशाल, आणि मागे जंगल. नावंही सगळी एकाच साच्यातली, अमक्याचं आणि तमक्याचं राज्य. मी आधी नाक मुरडलं. मग रविवारी वेळ जाईना म्हणून एक उघडलं आणि मोबाइलवर शब्द शोधत शोधत वाचू लागले. माझं इंग्रजी काही फार नाही, पण राग कुठल्याही भाषेत लवकर कळतो.

ती सगळी जुन्या गोष्टींची नवी पुस्तकं होती. ज्या चेटकिणीला शेवटी जाळतात तिची बाजू एकात होती. दुसऱ्यात लांडगा मेल्यावर त्याच्या घरी काय झालं ते होतं. एका राजकन्येला राजपुत्र उठवायला येतो तर ती आधीच उठून निघून गेलेली. मी वाचत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की म्हणजे असं करता येतं? शेकडो वर्षांची गोष्ट घ्यायची आणि तिला सरळ म्हणायचं की तू खोटं सांगतेस, मी सांगते खरं काय झालं? आणि हे कुणी शाळकरी पोरीनं वर्गात उभं राहून म्हणायचं नाही, तर जाड पुस्तक छापून म्हणायचं. मला शाळेत खाली बसवलं होतं. ही पुस्तकं लिहिणाऱ्या बायका कुठे खाली बसल्या नव्हत्या.

मग रविवारी दुपारी मी त्या गोष्टी मुलींना मराठीत सांगायला लागले. नववी-दहावीच्या मुली. एरवी मोबाइल मिळत नाही म्हणून तोंड फुगवून बसणाऱ्या, त्या भाजी निवडता निवडता ऐकायच्या. त्यांच्यात तानशाकडची एक होती, तोंडानं फटकळ, कुणाला न घाबरणारी. तिच्या घराच्या उशाला मुंबईला पाणी देणारं एवढं मोठं धरण आणि उन्हाळ्यात हंडे डोक्यावरून, त्यामुळे गोष्टीत कुणावर अन्याय झाला की तिला तो सगळ्यांत आधी कळायचा. एक दिवस तिनं मला विचारलं, "ताई, ही सगली त्यांची जंगलं. आपल्यातली अशी कोनची गोष्ट नाय का, खोटी सांगितलेली?"

मी म्हटलं, आहे.

लिहायला मला वर्षभर लागलं. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, जमेल तसं लिहिलं. माझ्या कादंबरीत एक महाकाय झाड आहे. त्याच्या शेंड्यावर चिमण्यांचं नगर, सगळं मेणाचं, पारदर्शक, दिवे लागले की आतून उजळणारं. मुळांशी कावळ्यांची वस्ती, शेणाची. वरच्या नगरात चढायला कावळ्यांना परवानगी लागते आणि ती मागायला गेलं की आतून थांब म्हणतात. पिढ्यान् पिढ्या कावळे थांबलेले आहेत. नायिका आहे पंधरा वर्षांची कावळी. तिच्या हातात विद्या आहे. ती ज्या भिंतीवर तळहात अर्धगोल फिरवते त्या भिंतीतून ऊन आत येत नाही. तिला ती विद्या वाटतच नाही, तिच्या आईला येते तशी तिलाही येते, एवढंच. आणि मग सूर्य झाडाच्या जवळ यायला लागतो. रोज एक फांदी खाली. वर मेण घामाघूम होतं. घरांचे कोपरे गोलावतात, दारं चिकटतात, जिने ओघळतात. आणि चिमण्यांची राजकन्या आपली पिल्लं घेऊन मुळांशी उतरते.

मुली प्रत्येक प्रकरण ऐकायच्या आणि भांडायच्या. शेवटावर तर मोठीच लढाई झाली. तानशाची म्हणाली, चिमणीला आत घेऊच नको. मी विचारलं, आणि पिल्लं? तिनं विचार केला आणि म्हणाली, पिल्लं घे, ती नको. बाकीच्यांनी तिला वेड्यात काढलं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवट माझ्या मनासारखा लिहिला.

तो असा. राजकन्या कुडापाशी येते आणि दार उघड म्हणते. पण तिथे दार नाहीच, ताटी आहे, तीही बाजूला सारलेली. जिनं जन्मभर कड्या लावलेली दारंच पाहिली तिला हे उघडं आहे हे कळत नाही, आणि ती उघड्या घरासमोर दार उघडायची वाट बघत उभी राहते. मुली इथे खूप हसल्या. आतून कावळी म्हणते, थांब. मग ती शेणाचं घमेलं घेऊन बाहेर येते, तडकलेली एक भिंत दाखवते आणि सांगते की एवढी लिंप आणि मग आत ये. राजकन्या स्वतःच्या बोटांकडे बघते, पिल्लांकडे बघते आणि घमेल्यात हात घालते. संपलं.

किशोरांसाठी पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनाकडे मी हस्तलिखित पाठवलं. त्यांच्या संपादक बाईंचा फोन आला तेव्हा मी वसतिगृहाच्या मागच्या अंगणात तांदूळ पाखडून घेत होते. त्यांना कादंबरी आवडली होती, अगदी मनापासून. मराठीत असं मोठ्या मुलांसाठी कुणी लिहीत नाही, झाड काय सुंदर उभं केलंय, ओघळणारे जिने तर चित्रकाराला द्यायला अगदी तयार आहेत, असं त्या भरभरून बोलल्या. मुलींना कळलं तेव्हा त्यांनी ताटं वाजवली.

मग त्यांनी मला ठाण्याला बोलावलं. चहा झाला, आणि त्यांनी हळूच शेवटाचा विषय काढला. राजकन्येनं शेणात हात घालणं जरा अपमानास्पद वाटतं, सूडासारखं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय इतकी मोठी जादूची कादंबरी आणि शेवटी वाचकाच्या हाती काही लागत नाही. त्यांनी दुसरा शेवट सुचवला. कावळी क्षमा करते, चिमणीला मिठी मारते, आणि त्या मिठीच्या धक्क्यानं म्हणा की पुण्याईनं म्हणा, भिंतीवरचं शेण गळून पडतं आणि आतून सोनं निघतं. सगळं घर सोन्याचं! कावळ्यांकडे ते आधीपासूनच होतं, फक्त त्यांना माहीत नव्हतं. बोलता बोलता त्यांचे डोळे चमकायला लागले. बाई वाईट नव्हत्या. त्यांना माझ्या कावळीला काहीतरी द्यायचं होतं आणि त्यांच्याकडे द्यायला सोनंच होतं.

"शेण शेवटपर्यंत शेणच राहिलं तर मुलांना काय मिळालं?" त्यांनी विचारलं.

"राहायला घर मिळालं," मी म्हटलं.

त्या हसल्या. विचार करा म्हणाल्या, घाई नाही. पण माझ्या त्या शेवटासकट पुस्तक काढता येणार नाही हेही त्यांनी तितक्याच गोडीनं सांगून टाकलं.

त्या आठवड्यात मी घरी गेले. आई आता घरकुलात राहते. विटांच्या भिंती, वर स्लॅब, पुढे निळा रंग. जुना कूड तिनं पाडू दिलेला नाही. मागच्या अंगाला तो उभा आहे आणि उन्हाळ्यात दुपारची ती तिथेच जाऊन पडते, कारण स्लॅबखाली जीव उकडतो. मी गेले तेव्हा ती कुडाची जमीन सारवत बसली होती. मी ताटीपाशी उकिडवी बसून तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती माझ्या बाजूनं चिडेल. मी तिचं चिडणं ऐकायलाच एवढ्या लांब आले होते.

ती म्हणाली, "मंग होऊ दे की सोन्याचा. तुज्या बापाचा काय जातंय? पुस्तक तर निंगल."

मी म्हटलं, आये, तू पण?

तिनं सारवता हात थांबवला. "जलमभर शेनात हात घातलं मी. पावसात बोटांच्या बेचक्या सडायच्या, तुला काय म्हाईत. पयल्यांदा कोन मला सोन्यात बशिवतंय तर तू नको बोलतेस. कागदावर तरी बशीव गो."

तिचं पुस्तकाशी देणंघेणं एवढंच होतं की ते निघावं, धसईच्या बाजारात तिला कुणीतरी विचारावं की तुझ्या पोरीनं पुस्तक लिहिलं म्हणे, आणि तिनं हो म्हणावं. तेवढं तिला मिळू शकत होतं. मी एक पान बदललं की मिळणार होतं. मी तिनं केलेली भाकरी गुमान खाल्ली आणि परत निघाले.

मुरबाडच्या स्टँडवर शहापूरची गाडी लागायची होती. मी बाकावर बसून मनात तो सोन्याचा शेवट लिहून बघितला. खरंच लिहून बघितला, नाटक केलं नाही. शेण गळतं, भिंत झळकते, कावळी थक्क होते. आणि मग माझ्या लक्षात आलं की या घरात कावळीच्या आईला काही कामच उरत नाही. सोन्याला तडे जात नाहीत, त्याचे पोपडे निघत नाहीत, ते कुणाचा हात न लागता उभं राहतं. मग ती इतकी वर्षं काय करत होती? नुसती सोनं झाकत होती? तिच्या त्या सगळ्या कमानी म्हणजे वरची घाण, एकदा गळून पडली की बरी? आणि गोष्ट काय म्हणत होती, कावळा आळशी. सोनं निघालं की ते खरं ठरतं. घर आपोआप टिकलं, कुणी टिकवलं नाही.

नाही. माझ्या आईला मी सोन्यात बसवणार नाही. ती सोन्यात बसली की तिचे हात कुणालाच दिसणार नाहीत.

गाडी लागली तरी मी तशीच बसून होते. मग धावत जाऊन चढले. कंडक्टर खेकसला आणि मी त्याच्यावर दुप्पट खेकसले, बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

दुसऱ्या दिवशी मी संपादक बाईंना फोन केला. म्हटलं, शेवट बदलणार नाही. त्यांनी समजावून बघितलं. निदान सोन्याऐवजी काहीतरी चमकणारं, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, लिंपलेली भिंत ओली असताना उन्हात चमकते, तेवढं लिहिलेलं आहे. मग त्यांनी मला शुभेच्छा दिल्या. नकार देण्याची ही पद्धत फार चांगली आहे, समोरच्याला भांडताही येत नाही.

मुलींना सांगणं अवघड गेलं. ताटं वाजवलेल्या मुली होत्या त्या. मी सगळं सांगितलं, सोन्यासकट. काही जणींना सोनं आवडलं, खोटं कशाला बोलू. एक म्हणाली, ताई, सोनं पण असू दे ना थोडं, एका कोपऱ्यात. तानशाची तोंड फुगवून बसली होती. मग म्हणाली, सोनं निघालं तर ते कावळ्यांकडं राहील का? दुसऱ्या दिवशी वरची सगळी खाली येतील आणि सांगतील की झाडाच्या मुळाशी निघालं म्हणजे झाडाचं, आणि झाड कुणाचं तर आमचं. तिच्या घरापासून पाण्याचे नळ कुठे जातात ते सगळ्यांना माहीत होतं.

मग आम्ही ते पुस्तक आमचं आम्हीच काढलं. शहापूरच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात पानं काढली, वरून जाड पुठ्ठा आणि कडेला स्प्रिंग. प्रत्येक प्रतीच्या मुखपृष्ठावर मुलींनी आपला तळहात शेणा-मातीत बुडवून एक कमान काढली. वाळल्यावर ती थोडी गळते आणि दप्तरात सगळीकडे पडते, त्यावरून एकीला वर्गात बोलणीही बसली. हाताहातानं प्रती फिरतात, किन्हवलीकडे गेल्यात, मुरबाडच्या वसतिगृहात गेल्यात. परवा एक प्रत परत आली तर शेवटच्या पानावर कुणीतरी पेननं लिहिलं होतं, चिमणीला अजून थांबव. हे पुस्तक नाही असं मला कुणी सांगू नये. कावळीनं लिहिलेलं आहे, शेण लावलेलं आहे, वाचलं जातंय.

एक प्रत घेऊन मी आईकडे गेले. घाबरतच गेले, कारण सोनं नाकारल्याचं तिला अजून सांगायचं होतं. आईला वाचता येत नाही. तिनं पुठ्ठ्यावरची कमान बोटांनी चाचपली, नाकाला लावली आणि म्हणाली की माती जास्त झालीय, म्हणून गळतंय. मग मागच्या कुडात, ताटीपाशी बसून मी तिला शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. झाडाचं, मेणाचं, जिने ओघळण्याचं तिनं हूं हूं करत ऐकलं. राजकन्या उघड्या घरासमोर दार उघडायची वाट बघत उभी राहते तिथे तिला हसू आलं. मग कावळी आतून थांब म्हणाली आणि आईचा तांदळातला हात थांबला.

मी पुढे वाचलं. घमेलं बाहेर आलं. राजकन्येनं बोटांकडे बघितलं.

"घातला हात?" आईनं विचारलं.

"घातला."

"सोत्ता? दुसऱ्या कोनाला नाय लावला कामाला?"

"सोत्ता घातला."

ती सुपातले खडे बाजूला करत राहिली. मी वाट बघत होते की आता सोन्याचं विचारेल. तिनं ते काढलंच नाही.

"आनि ही कावळी तिला किती येळ थांबिवते?"

मी म्हटलं, भिंत लिंपून होईपर्यंत. मग घेते आत.

आईनं मान वर करून समोरच्या आपल्या भिंतीकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मंग भित जरा मोठी कर गो," ती म्हणाली.